रफ वहीचं मागचं पान

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला मुलीच्या आई एकट्याच आल्या होत्या. बसल्या-बसल्या त्यांनी पर्समधून दोनशे पानी रफ वही काढली, उलटी करून मागचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, आधी मला वाटलं क्लासचं काहीतरी आहे."

पट्टीनं आखलेला तक्ता होता. पाच रकाने: तारीख, फोटो, एका तासात, झोपताना, ठेवला की काढला. 'निळा टॉप, गच्ची. १४. १९. काढला.' 'मैत्रिणींबरोबर, एफसी रोड. ५२. ८८. ठेवला.' 'वाढदिवस, एकटी. २३. ३१. काढला.' आकडे इन्स्टाग्रामवरच्या लाइकचे. सप्टेंबर ते एप्रिल, साठेक नोंदी. अक्षर सुरेख, कुठे खाडाखोड नाही. एकटीचे जवळजवळ सगळे फोटो काढून टाकलेले. शेवटच्या ओळीखाली दोन सरासऱ्या होत्या: 'मी एकटी' आणि 'इतरांबरोबर'. शाळेत शिकलेली सरासरी तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतःवर लावून पाहिली होती, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तिला इथे मी मृणाल म्हणते. हे तिचं नाव नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. तिच्या आणि आईबाबांच्या संमतीनं हे लिहिते आहे. तिनं मसुदा वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या आहेत.

घर आणि तक्रार

घर कोथरूडमधलं. बाबा हिंजवडीला नोकरीला, सकाळी सव्वासातला कंपनीची बस पकडतात ते रात्री आठला घरी. आई एका पतसंस्थेत. आजी घरी असते, त्यामुळे मृणाल शाळेतून आली की घर उघडं आणि ताट वाढलेलं. प्रेमाची उणीव असलेलं हे घर नव्हे, हे आधीच सांगते. कारण अशी मुलं 'दुर्लक्ष होणाऱ्या' घरातूनच येतात, असा समज माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांचा असतो.

आईची तक्रार अशी होती. एप्रिलच्या उकाड्यातही मुलगी पूर्ण बाह्यांचं हुडी अंगातून काढत नाही. डबा अर्धा परत येतो. सहा वर्षं चाललेला भरतनाट्यमचा क्लास 'कंटाळा आला' म्हणून सोडला. मामेबहिणीच्या लग्नाला यायला नकार दिला, आणि ओढून नेलं तेव्हा प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे उभी राहिली.

वही सापडल्यावर बाबांनी त्याच रात्री फोनमधलं इन्स्टाग्राम उडवलं आणि फोन कपाटात कुलूपबंद केला. अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत मृणाल आजीच्या खोलीतला जुना टॅब वापरत होती. आजीला ठाऊक होतं. "रडत होती हो पोर, म्हणून दिला मी," आजी मला नंतर म्हणाल्या. वहीतल्या नोंदीही थांबल्या नव्हत्या, फक्त त्या दिवसांच्या तारखांपुढे चांदणी काढलेली होती.

बाबांची काळजी खरी होती, आणि फोन काढून घ्यावासा वाटणं साहजिकच आहे. पण मृणालपर्यंत काय पोचलं? आपल्याला जे दुखतंय ते गुन्ह्यात मोडतं, एवढंच. त्यामुळे दुखणं होतं तिथेच राहिलं, फक्त ते लपवायची जागा बदलली.

पहिल्या तीन भेटी

मृणाल आली ती हुडी घालूनच. उन्हाळ्यात मूल हात झाकून बसलं असेल तर समुपदेशकानं एक प्रश्न आडवळणानं न जाता विचारायचा असतो, आणि मी तो आईला बाहेर बसवून पहिल्याच भेटीत विचारला: "कधी स्वतःला इजा करावीशी वाटली आहे का? केली आहेस का?" विचारल्यानं मुलांच्या डोक्यात नसलेलं भरतं, ही भीती अनाठायी आहे. उलट कुणीतरी विचारलं, याचंच बहुतेकांना हायसं वाटतं. मृणालनं बाह्या वर सरकवल्या. जखमा नव्हत्या. "हात काळे दिसतात म्हणून," ती म्हणाली. तसं काही असतं, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आईबाबांना मी त्याच दिवशी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये साठवायला लावले. दोन्ही मोफत आहेत आणि रात्री-अपरात्रीही लागतात.

दुसऱ्या भेटीत मॉरिस रोझेनबर्ग यांची स्व-आदराची प्रश्नावली भरून घेतली. १९६५ मधली आहे, दहाच विधानं, आणि आजही जगभर वापरली जाते. तीसपैकी पंधराच्या खाली गुण आले की मी सावध होते. मृणालचे अकरा आले. पण गुणांपेक्षा मला तिचं एक थांबणं महत्त्वाचं वाटलं. 'माझी किंमत निदान इतरांइतकी तरी आहे' अशा अर्थाचं एक विधान त्यात आहे. तिथे तिनं पेन उचललं आणि विचारलं, "इतर म्हणजे कोण?"

हा प्रश्न १९६५ मधल्या मुलीला पडला नसता. तिचे 'इतर' म्हणजे वर्गातल्या चाळीस जणी, वाड्यातली मुलं, चुलत-मावस भावंडं. माणूस स्वतःला जोखतो तो आसपासच्या माणसांशी ताडून पाहत, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं, ते अशाच जगाकडे पाहून. त्या वर्गात कुणी दिसायला छान असे, कुणी गणितात पक्की, कुणाचे दात पुढे, आणि या सगळ्या जणी सर्दी झालेल्या, रडवेल्या, डबा सांडलेल्या अशाही दिसत. मृणालच्या फोनमध्ये जे 'इतर' येतात ते फक्त सजलेल्या क्षणी येतात. त्यांत एकीकडे वर्गातली मैत्रीण असते आणि दुसरीकडे कोरियातल्या सोलमधली गायिका, आणि दोघींच्या खाली एकाच पद्धतीनं आकडा लिहिलेला असतो.

तिसऱ्या भेटीत रील बाहेर आलं. २०२४ च्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात तिघींनी नाच बसवला होता. मृणाल मधे. रील टाकलं, एकसष्ट लाइक मिळाले. खाली कुणीतरी लिहिलं, 'मधली कोण?' आणि पुढे हसणारे तीन चेहरे. काही दिवसांनी तिघींपैकी एकीनं त्याच नाचाचा दुसरा तुकडा टाकला. त्यात एक कडेची आणि एक मधली अशी अदलाबदल झाल्यावर मृणाल टोकाला येत होती, आणि तिथून चौकट कापलेली होती. पडद्यावर दोघीच. कापलेल्या कडेवर मृणालचा एक हात तेवढा येत-जात होता. त्याला चारशेच्या वर लाइक होते.

"मी नव्हते म्हणून," मृणाल म्हणाली. रडत नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगत होती. तक्त्यातली पहिली तारीख त्याच आठवड्यातली आहे.

आईच्या फोनमधली मृणाल

चौथ्या भेटीला दोघी एकत्र होत्या. मी आईला म्हटलं, तिच्याबद्दल तुम्हाला काय आवडतं ते तिच्याकडे बघून सांगा. त्या भरभरून बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "आणि मला तर तू आहेस तशीच सुंदर वाटतेस."

मृणाल खाली बघत म्हणाली, "मग माझा फोटो स्टेटसला ठेवताना तू ब्यूटी का लावतेस?"

आईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी फोन काढला, गॅलरी उघडली. वाढदिवसाचा फोटो, संक्रांतीचा, लग्नातला. मृणालनं बोट ठेवून एकेक दाखवलं: इथे रंग उजळलाय, इथे नाक बारीक झालंय, इथे ओठांवरची लव गेली आहे. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात ही सोय विकत घेतानाच चालू असते, आणि या फोनमध्येही ती तशीच होती. आईंनी ती कधी लावली नव्हती, पण बंदही केली नव्हती. शिवाय स्टेटस कुणी-कुणी पाहिलं हे त्या रात्री नेमानं पाहायच्या आणि जेवताना सांगायच्या: "नाशिकच्या मावशीनं बघितलं हं तुझा फोटो, छान म्हणाली."

आईंचे डोळे भरून आले. त्या काही बोलेनात, मीही बोलले नाही. बऱ्याच वेळानं मृणालच म्हणाली, "तू मुद्दाम नव्हतं केलंस, आई."

मला या प्रकरणात जे सांगायचं आहे ते इथे आहे. पडद्यावरचा आकडा मुलाला लागतो तो घरात आधीच हुळहुळी असलेल्या जागी लागतो. आजी उन्हात जाताना म्हणायच्या, "काळवंडशील गं." साय-बेसन लावून द्यायच्या, मायेनंच. बाबा निकाल पाहताना पहिला प्रश्न विचारायचे, "वर्गात पहिली कोण?" आत्या दिवाळीला दारातच म्हणायची, "अगंबाई, भरलीस की!" यांतलं एकही वाक्य क्रूर नाही. पुण्यातल्या कुठल्याही घरात ही वाक्यं ऐकू येतात, माझ्याही घरात आली आहेत. पण आपल्याकडे कुणीतरी सतत बघतंय आणि बघून मोजतंय, हे मृणालला फोन हातात येण्याआधीच माहीत होतं. फोननं त्या बघण्याला आकडे दिले. म्हणून पालकांनी मदत कुठून सुरू करावी असं मला कुणी विचारलं, तर मी मुलाच्या फोनआधी आपली वाक्यं आणि आपली गॅलरी तपासायला सांगते.

फोन निर्दोष आहे असं मात्र मी म्हणत नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यांत कंपनीच्याच संशोधनात ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं, की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. हे ऐकून बाबा ताठ बसले. "मग बंदच करू ना! ऑस्ट्रेलियानं सोळाच्या खाली कायदाच केलाय." २०२४ च्या नोव्हेंबरात तिथे तो मंजूर झाला, हे खरं आहे. मी त्यांना टॅबचे अठरा दिवस आठवून दिले.

आणखी एक अभ्यास मी त्यांच्यासमोर ठेवला. केंब्रिजच्या एमी ऑर्बेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या १० ते २१ वयाच्या सतरा हजारांहून अधिक मुलामुलींची माहिती तपासली. मुलींमध्ये ११ ते १३ या वयात आणि मुलग्यांमध्ये १४-१५ मध्ये समाजमाध्यमांचा वापर वाढला, की वर्षभरानं आयुष्याबद्दलचं समाधान घटलेलं दिसलं. पुन्हा १९ च्या सुमारास दोघांतही. म्हणजे वय वाढतं तसा हा नाजूकपणा बदलत जातो. याच ऑर्बेन यांच्या २०१९ च्या कामात सगळ्या मुलांचा मिळून सरासरी परिणाम अगदी लहान निघाला होता. बाबा इंजिनिअर आहेत, त्यांनी लगेच पकडलं: "सरासरीत आमची मुलगी दिसणार नाही." अगदी हेच मला म्हणायचं होतं, आणि मृणालच्या दोन सरासऱ्यांबद्दलही.

तक्त्याला नवे रकाने

वही फाडून टाकायची सूचना आईंची होती. मी नको म्हटलं. मोजणं हा मृणालचा गुण आहे. तिनं मोजलं ते अपुरं होतं, एवढंच. आम्ही तक्त्यात रकाने वाढवले: किती वाजता टाकला, कुणाच्या खात्यावरून, त्या खात्याला फॉलोअर किती, गाणं कोणतं, तेव्हा ते गाणं चलतीत होतं का. जुन्या नोंदी आठवून-शोधून भरायला तिला दोन आठवडे लागले.

कापलेलं रील टाकणाऱ्या मैत्रिणीला हजारावर फॉलोअर होते. मृणालकडून पहिलं रील गेलं तेव्हा तिला होते शंभरेक. दुसऱ्या रीलला त्या आठवड्यात सगळीकडे वाजणारं गाणं होतं, आणि ते रविवारी रात्री नऊला टाकलेलं होतं. पहिलं सोमवारी दुपारी, शाळांच्या वेळेत. एकटीचे फोटो ती बहुतेक रात्री अकरानंतर टाकायची, कारण तेव्हा आई झोपलेली असायची. मैत्रिणींबरोबरच्या फोटोत तिघी-चौघींना टॅग केलेलं, म्हणजे तिघी-चौघींच्या ओळखीचे लोकही तिथे आलेले. मृणालनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी एकटी असणं हे यातलं फक्त एकच कारण आहे. असलं तर."

हे ऐकून मला फार आनंद झाला, आणि पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा एक फोटो काढून टाकून, तोंड पाडून आली. कळतं पण वळत नाही, ही मोठ्यांचीही गत असते. समजून घेतल्यानं दुखणं हलकं झालं, गेलं नाही. पालकांना हे मुद्दाम सांगते, कारण एकदा नीट समजावलं की प्रश्न मिटला असं धरून चालणारे बाबा मी बरेच पाहिले आहेत.

रकाने भरताना आणखी एक गोष्ट निघाली. खातं पाचवीत असताना मावसबहिणीनं उघडून दिलं होतं, जन्मसाल २००२ टाकून. इन्स्टाग्रामला किमान तेरा वर्षं लागतात. किशोरवयीनांसाठी त्यांनी २०२४ पासून वेगळी खाती आणली, ती भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत आली: खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसांचे मेसेज बंद, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद, आणि सोळाखालच्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. त्या खात्यांतली कुठलीच सोय मृणालला लागू नव्हती, कारण कागदोपत्री ती बावीस-तेवीस वर्षांची बाई होती. 'मधली कोण?' लिहिणारा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. खातं सगळ्यांना उघडं होतं, म्हणून त्याला आत येता आलं.

जुनं खातं बंद करून खऱ्या तारखेनं नवीन उघडायचं ठरलं. बटण दाबलं मृणालनं, बाबा शेजारी बसून होते. सहाशे चाळीस फॉलोअर गेले, नव्यावर त्रेचाळीस आले. ती दोन दिवस रडली. मी बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, "त्यात काय एवढं" हे शब्द तोंडातून काढू नका. त्यांनी काढले नाहीत. दुसऱ्या रात्री तिला स्कूटरवर मागे बसवून चांदणी चौकापर्यंत फिरवून आणलं. काही बोलले नाहीत, दोघांनी कणीस खाल्लं, परत आले. त्या महिन्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ती फेरी होती, असं माझं मत आहे. नव्या खात्यावर लाइकचा आकडा लपवायची सोय चालू केली. ती २०२१ पासून आहे, पण फार थोड्या पालकांना माहीत असते.

घरात तीन गोष्टी ठरल्या, आणि त्या मोठ्यांसाठी होत्या. मृणालचा फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेही जाणार नाही, घरच्या ग्रुपवरसुद्धा. जेवताना चौघांचे फोन शोकेसवर. आणि रंग, वजन, नंबर यांवर बोलणं बंद. तिसरं सगळ्यात अवघड गेलं. आजी अर्ध्या वाक्यात थांबायच्या: "अगं उन्हात..." आणि मग म्हणायच्या, "टोपी घे, ऊन लागेल." आत्याला फोन करून हे सांगण्याचं काम बाबांनी केलं, आणि भावाबहिणीत महिनाभर अबोला राहिला.

राजगड

दिवाळीचा किल्ला ही माझी कल्पना नव्हती. सोसायटीतली धाकटी मुलं दरवर्षी करतात. सहामाही परीक्षा संपल्यावर चौथीतला एक मुलगा दारात येऊन म्हणाला, "मृणालताई, राजगड करायचाय आणि दादा लोकांना माच्या जमत नाहीयेत." ती हो म्हणाली, कारण नाही म्हणायला कारण सुचलं नाही. हे तिचेच शब्द.

राजगडाचं घोडं अडतं ते त्याच्या आकारावर. मधे बालेकिल्ला, आणि पद्मावती, संजीवनी, सुवेळा या माच्या तीन दिशांना पसरलेल्या. नुसता मातीचा ढीग रचला की कुठलाही डोंगर होतो, राजगड होत नाही. मृणालनं रफ वहीत चौकटी आखून नकाशा काढला, एक चौकट म्हणजे एक वीत. विटा रचल्या, गोणपाट चिखलात बुडवून वर पसरलं, हळीव पेरला. संजीवनी माची दोनदा ढासळली. पाच दिवस सात-आठ पोरं तिच्या मागे: "ताई, इथे किती?" "ताई, चिलखती बुरूज कसा?" हुडी तिसऱ्या दिवशी कठड्यावर गेलं, कारण बाह्या चिखलात बुडत होत्या.

या मुलांना मृणाल कशी दिसते याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना ती हवी होती, कारण तिच्याशिवाय माची उभी राहत नव्हती. असं काम प्रत्येक मुलाला किल्ल्यातच मिळेल असं नाही. कुणाला ते कुत्र्याला फिरवण्यात मिळेल, कुणाला धाकट्या भावाचा पाढा घेण्यात. पण आपल्यावाचून कुणाचंतरी अडतंय हे मुलाला कळायला हवं, आणि अभ्यासाच्या नावाखाली आपण मुलांना अशा प्रत्येक कामातून मोकळं करून टाकलं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईंनी विचारलं, "मनू, फोटो काढू?" मृणालनं हात पुसत सांगितलं, "काढ की. पण खालून काढ, म्हणजे बालेकिल्ला उंच दिसेल." फोटोत ती आहे, कडेला, कोपरापर्यंत चिखल. कॅमेऱ्यातली ती सोय आता बंद असते.

जानेवारीतली भेट

प्रश्नावलीवर या वेळी एकोणीस आले. डबा संपतो. भरतनाट्यमला ती परत गेली नाही, आणि आम्ही कुणी आग्रह धरला नाही. खातं आहे, फोटोही टाकते, क्वचित एखादा काढूनही टाकते. लग्नसमारंभ तिला अजून जड जातात. वहीत शेवटची नोंद ऑगस्टमधली आहे.

निघताना दारात थांबून तिनं सांगितलं, की त्या मैत्रिणीला तिनं जिन्यात गाठून विचारलं, "तू मला रीलमधून का कापलंस?" मैत्रीण आधी म्हणाली, आठवत नाही. मग म्हणाली, दोघीच जास्त नीट दिसत होतो. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, सॉरी.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. व्हॅन आली होती." तिनं बूट चढवले, नाडी बांधली. "पण मी विचारलं, मॅडम."